हात द्या, तोंड राहू द्या

"हात द्या सर, तोंड राहू द्या."

असं म्हणून ती उजवा हात पुढे करायची आणि त्यावर ओढणीचं टोक टाकायची. हात झाकला गेला की चेहरा दुसरीकडे वळवायची. खिडकीबाहेर, पंख्याकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. जणू त्या हाताशी तिचा काही संबंधच नाही.

आमच्याकडचा बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तिथं कोणी तोंडानं बोलत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर गमछा टाकतात, आत एकमेकांची बोटं दाबतात आणि बाहेर दोघंही आभाळाकडे बघत उभे राहतात. भोवती कितीही गर्दी असो, भाव दोन हातांतच राहतो. पटलं तर मान हलते. नाही पटलं तर हात सुटतो, आणि कोणाची अब्रू जात नाही.

ती मला भेटली यवतमाळला, आमच्या कॉलेजात. वित्त आणि कायदा असा जोड पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि त्याची जबाबदारी माझ्यावर पडली होती. मी करार कायदा शिकवतो. शिकवतो म्हणजे पुस्तकातून. स्वतः मी घरभाड्याच्या करारापलीकडे कशावर सही केलेली नाही. विद्यार्थी मिळावेत म्हणून पुसद, दारव्हा, वणी असा गावोगाव फिरलो आणि रंगीत पत्रकं वाटली. 'उज्ज्वल संधी' असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. कोणत्या संधी, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती पत्रकं मला अजून अंथरुणात टोचतात.

ती बोरी अरबची. बैलबाजारातल्या दलालाची लेक, चाळिशीला आलेली, दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करणारी. पहिल्याच दिवशी तिनं ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, ही संधी कोणत्या खोलीत बसते? आधी भेटून घेईन म्हनते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "काही हरकत नाई जी. मी संधीसाठी नाई आली. भांडायले आली."

शनिवार-रविवारचे तास असायचे. सीएच्या ऑफिसातली पोरं, पतसंस्थेतले अधिकारी, दोन-चार वकील. मी प्रस्ताव आणि स्वीकृती शिकवत होतो. प्रस्ताव समोरच्यापर्यंत स्पष्टपणे पोहोचला पाहिजे, असं म्हणालो, तर हिचा हात वर. स्पष्ट म्हणजे मोठ्यानं का, असं तिचं विचारणं. मी म्हणालो, तसंच काही नाही.

"मंग हात द्या सर, तोंड राहू द्या."

ओढणी टाकलेला हात भर वर्गात माझ्यासमोर आला. मी मागे सरकलो, फळ्याला टेकलो.

"काहून घाबरता जी? माह्या हातात विंचू हाये का?"

वर्ग हसला. मी पुन्हा माफी मागितली. मग माझ्याऐवजी वणीहून येणारा एक जण उठला. कोळसा वाहतुकीच्या ऑफिसात मॅनेजर होता, गडी धीट. त्यानं ऐटीत हात ओढणीखाली घातला. ती पंख्याकडे पाहत राहिली. आत काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक; तो मात्र गालात हसत होता. आपल्याला सगळं समजतं हे वर्गाला दाखवायचं म्हणून शेवटी त्यानं जोरात मान हलवली. तिनं हात काढून घेतला, त्याच्या बाकावरची मोटरसायकलची चावी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

"मॅडम, हे काय?"

"सौदा झाला नं. पुऱ्या वर्गासमोर मान हालवली तुमी."

"अहो, पण कितीत?"

"तुमाले माहीत. हात तुमचाच होता."

तास संपेपर्यंत तिनं चावी दिली नाही. न वाचता सही करणारा आणि न समजता मान हलवणारा, दोघं एकाच माळेचे मणी, असं तिनं सगळ्यांना बजावलं. त्या दिवशी स्वीकृती या विषयावर मला पुढे काही शिकवावं लागलं नाही.

तिचं भांडण मात्र गंमतीचं नव्हतं. एका बाईची बैलजोडी बाजारात विकली गेली होती. जोडी नेल्यावर गिऱ्हाईक ठरलेल्या भावावरून फिरलं. ही त्या बाईची वकील. कोर्टात विचारणा झाली, भाव कोण बोललं? कोणी नाही. कोणी ऐकला? कोणी नाही. दावा गेला. मी तिला सांगितलं, शब्दांवाचून झालेल्या करारालाही कायद्यात जागा आहे, त्याला गर्भित करार म्हणतात.

"गर्भित काहून?" ती म्हणाली. "अब्बा असं दाबतात का बोट सुजते. याच्यात गर्भित काय हाये? सर, लेखीले नाव हाये, तोंडीले नाव हाये. आमचा करार हातचा हाये. त्याले नाव काहून नाई? मी ते नाव मांगायले आली."

करार कायद्याचं पुस्तक इतकी वर्षं उघडून मिटून झालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुलगा नाही म्हणून बापानं हिला हात शिकवला, असं गावात म्हणत. तिला ते मान्य नव्हतं. मुलगा असता तरी आपल्यालाच शिकवलं असतं, कारण घरात भांडकुदळ आपणच होतो, असं ती सांगायची. लहानपणी चुलीजवळ गमछा टाकून बाप-लेकीनं अख्खं घर विकून पाहिलं होतं. परात, शेळी, एकदा तर अम्मीची शिलाई मशीन. मशीन विकली गेल्याचं अम्मीला कळलं त्या दिवशी दोघांनाही जेवण मिळालं नाही.

शिकवण्याआधी बापानं तिचा हात हातात धरून एक वचन घेतलं होतं. बोटांनी भाव सांगतात हे जगाला माहीत आहे. पण कोणतं बोट कुठं दाबलं म्हणजे काय, हे बाजारागणिक बदलतं. ते हातानं आलेलं हातानंच पुढे जायचं. तोंडानं नाही आणि कागदावर तर नाहीच. एवढं लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मग म्हाताऱ्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येत होतं, समजत होतं, पण बोलता येत नव्हतं आणि लिहायला ते कधी शिकले नव्हते. उरला डावा हात. त्या हातानं फक्त भाव सांगता येत होता, म्हणून ते प्रत्येक गोष्टीला भाव लावू लागले. डाळीला, डॉक्टरला, शेजाऱ्यांच्या नव्या फाटकाला. जावई, म्हणजे हिचा नवरा, गॅरेज चालवायचा. त्याचा भाव दर आठवड्याला वरखाली व्हायचा.

एका शनिवारी ती म्हणाली, माझं लेक्चर तिनं घरी अब्बाला सांगितलं. मी आपलं उत्सुकतेनं विचारलं, काय म्हणाले?

"भाव लावला जी. एवढ्यात लंगडा गोऱ्हा बी येत नाई." मग माझा चेहरा पाहून, "पण गळ्यातलं दावं फुकट देतील म्हनते."

मी एकदा तिच्या घरी जेवायला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. संध्याकाळी बाजार उठला तसे दलाल एकेक करून आले. हिंदू, मुसलमान, सगळे. खाटेच्या कडेला बसायचे, गमछा टाकायचे, म्हाताऱ्याच्या सोयीसाठी डावा हात द्यायचे आणि छताकडे बघत दिवसभराचा बाजार सांगायचे. कोणाची जोडी कितीला गेली, कोणाचा सौदा फिसकटला. म्हाताऱ्याचा चेहरा कोराच, पण पायाचा अंगठा हलत असायचा.

"हा अब्बाचा पेपर हाये," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बैलाचे दात पाहावेत तसं, आणि लेकीचा हात दाबला. ती हसली. मी विचारलं, माझा भाव किती लावला?

"सांगीन कदी तरी. आता जेवा."

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा असतो. मार्गदर्शक मीच होतो. मी तिला ऑनलाइन व्यवहार, जीएसटी असे सुरक्षित विषय सुचवले. तिनं एकच विषय धरला होता, गमछ्याखालचा सौदा आणि कायदा. मी म्हणालो, माफ करा, पण याला संदर्भग्रंथ मिळायचे नाहीत, आणि माफ करा, विद्यापीठाच्या समितीला हे पटेल असं वाटत नाही.

"सर, तुमी शिकवून राह्यले का माफी मागून राह्यले?"

तिनं लिहिलं, आणि काय लिहिलं. तुम्हाला वाटेल, दलालाच्या लेकीनं दलालांचे गोडवे गायले असतील. तसं नव्हतं. गमछा गरीब विकणाऱ्याची अब्रू झाकतो हे तिनं लिहिलं. आणि त्याच गमछ्याखाली दलाल एक भाव विकणाऱ्याच्या हातात ठेवतो, दुसरा घेणाऱ्याच्या, आणि मधला घास आपण खातो, हेही लिहिलं. त्याचं एक अख्खं प्रकरण होतं. उदाहरण दुसऱ्या कोणाचं नाही, स्वतःच्या बापाचं. 'माझ्या शाळेची फी याच घासातून गेली आहे,' असं त्यात वाक्य होतं.

हे प्रकरण जमा करण्याआधी तिनं ते दलालांना वाचून दाखवलं. दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्यानं हे केलं नसतं. पण बाजारात पाठीमागून भाव फोडणं हे पाप, समोरासमोर हात सोडून देणं हे पाप नाही; ती त्या रीतीत वाढलेली. बाजार उठल्यावर सगळे खाटेभोवती बसले असताना तिनं एकेक ओळ वऱ्हाडीत करून ऐकवली. हे मला तिनंच नंतर सांगितलं, हसत हसत, पण तिची बोटं ओढणीशी खेळत होती.

त्यांच्यात एक म्हातारे दलाल होते, तिच्या वडिलांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "पोरी, आमीच तुले हात शिकवला. त्याच हातानं आमचं नाक कापून राह्यली?"

"काका, नाक कापलं नाई. नाकावर माशी बसली हाये, तेवढी दाखवली."

प्रकरण काढ, नाही तर या घरात आमचा हात येणार नाही, असं सांगून ते उठले. मागोमाग सगळे उठले. पुढच्या बाजाराला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. म्हातारा दिवेलागणीपासून दाराकडे तोंड करून पडून राहायचा. गमछा छातीवर, डावा हात त्यावर.

मला हे कळलं तेव्हा मी तिला फोन केला. म्हणालो, काढून टाका ते प्रकरण. पदवीला त्याची गरज नाही, आणि तुमच्या वडिलांचं बाजाराशी बोलणंच बंद झालं आहे.

"सर, दलालाईले ऐकवायच्या आधी मी अब्बालेच वाचून दाखवलं होतं. त्याईनं भाव लावला."

"किती?"

"त्याईनं जल्मात विकलेल्या सगळ्यात भारी जोडीचा." मग म्हणाली, "आता कसं काढू?"

एकीकडे हे चालू होतं आणि दुसरीकडे समितीचं पत्र आलं. प्रबंधातली खूण कुठंही स्पष्ट केलेली नाही. कोणतं बोट म्हणजे कोणता आकडा, हे परिशिष्टात द्यावं, त्याशिवाय मूल्यमापन होणार नाही. मार्गदर्शक म्हणून माझीही त्यावर सही होती. नियमाला धरून होतं सगळं. दलालांना त्यातलं एक प्रकरण काढून हवं होतं, समितीला एक परिशिष्ट घालून हवं होतं. तिनं काढलंही नाही आणि घातलंही नाही.

तोंडी परीक्षेच्या सकाळी मी तिला जिन्यात गाठलं. आणि मी म्हणालो, काहीही लिहून द्या. अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे पाच, काहीही. कोण जाणार आहे बाजारात तपासायला?

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोर्टात साक्षीदार घसरला की वकील जसे क्षणभर थांबतात, तशी थांबली.

"सर, हे तुमचं वाक्य नाई. मी ऐकलं नाई." आणि जिना चढून गेली.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी प्रबंध शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, आणि असं क्वचित होतं. त्यांनी विचारलं, खूण का दिली नाही? ती परीक्षेसाठी ठेवणीतल्या मराठीत बोलली. म्हणाली, हातानं आलेलं हातानंच जाईल, असं वचन दिलं आहे. ते म्हणाले, मग तुमच्या म्हणण्याला पुरावा काय? तुमचा शब्दच ना फक्त?

"हो सर. दलालाजवळही तेवढाच असतो."

त्यांना हसू आलं. ती पुढे म्हणाली, "हात द्या सर, तोंड राहू द्या."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परीक्षकांचा हात ओढणीखाली होता. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिच्याकडे बघून तेही खिडकीबाहेर पाहू लागले होते. मग त्यांनी हात काढून घेतला, चष्मा पुसला.

"समजलं मला," ते म्हणाले. "पण बाई, हे मी अहवालात कसं लिहू?"

"सर, तोच तर माझा विषय आहे."

ते पुन्हा प्रबंध चाळू लागले. मी तेवढ्यात मुदत वाढवून मिळेल का, असं विचारून घेतलं. मिळाली. परिशिष्ट जोडून प्रबंध पुन्हा सादर करावा, असा अहवाल झाला. व्हरांड्यात तिनं मला धरलं.

"मुदत मी मांगली होती का सर?"

मी म्हणालो, माफ करा.

"तुमची माफी बी अशी असते का, घेणाऱ्याले बाजारभावापेक्षा महाग पडते." आणि हातातली अहवालाची प्रत तिनं माझ्यासमोर धरली. एका ओळीखाली तिनं पेनानं रेघ मारली होती. 'हातचा करार' ही संकल्पना सिद्ध होण्यासाठी परिशिष्ट आवश्यक आहे, अशी ती ओळ.

"वाचा. हातचा करार. कागदावर लिहून आलं, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट. नाकारायले का होईना, नाव तं घ्या लागलं."

ती त्या प्रतीची झेरॉक्स काढायला गेली. मी तिला पाठमोरी पाहिलं. पदवी हातातून गेलेल्या बाईची ती चाल नव्हती.

मुदत उलटली. परिशिष्ट आलं नाही. निकालाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. शनिवारी मी वर्गात जातो तेव्हा खिडकीजवळचा तिचा बाक नव्या मुलांनी घेतलेला असतो. प्रस्ताव आणि स्वीकृती हा भाग आला की मी अडखळतो, आणि मुलांना वाटतं सरांची तयारी नाही.

मध्यंतरी मी बोरी अरबला गेलो. तिला भेटायचं होतं. जिन्यातलं ते वाक्य माझंच होतं, हे एकदा कबूल करायचं होतं. मुद्दाम नाही, पण बाजाराचाच दिवस निघाला. बैलबाजार आता पूर्वीच्या निम्मासुद्धा भरत नाही. तरी कडुनिंबाखाली गर्दी होती आणि गर्दीत काळा कोट दिसला. ती उभी होती. शेजारी एक शेतकरी बाई, हातात जोडीचं दावं. समोर ते म्हातारे दलाल, नाक कापलं म्हणणारे. दोघांच्या हातांवर गमछा होता.

जवळ उभ्या असलेल्या चहावाल्यानं सांगितलं, आजकाल काही बायका सौद्याला वकीलबाईचा हात लावतात. म्हणतात, आमच्याकडून हिचा हात. दलालांना ते आवडत नाही, पण विकणारीनं सांगितलं की नाही कसं म्हणायचं? बोलत मात्र कोणी नाही तिच्याशी.

"बोलाची गरज बी काय हाये म्हना," तो म्हणाला.

दलाल आभाळाकडे पाहत होते. तीही आभाळाकडे पाहत होती. दोघांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हाताऱ्या दलालाच्या कपाळावर मात्र घाम होता. मी तिला हाक मारली नाही. सौदा चालू असताना हाक मारत नाहीत.

घरी अम्मी होत्या. म्हणाल्या, "वो तो बाजार गयी सर. काला कोट पहन के बैलों में खडी रहती. शाम को आ के अब्बा को पूरा बाजार सुनाती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उन लोगों से अच्छा सुनाती."

म्हातारा जागा होता. मी खाटेच्या कडेला बसलो. सांगण्यासारखं खूप साठलं होतं. पत्रकं, समितीच्या पत्रावरची सही, जिना. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी डावा हात वर केला.

अम्मीनं गमछा आणून दिला. सवयीनं मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. मी डावा दिला. गमछा पडला. त्यांची बोटं कोरडी होती आणि माझ्या अपेक्षेपेक्षा खूप बळकट. मी रीतीप्रमाणे छताकडे पाहिलं. कोणतं बोट कुठं दाबलं, ते मला आठवतं. इथं लिहिणार नाही.

मधेच मी नजर खाली आणली. ते छताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. म्हणजे भाव माझाच होता, एवढं कळलं. जोडीचा होता की लंगड्या गोऱ्ह्याचा, ते कळायला मार्ग नव्हता. मी मागितलेलं परिशिष्ट तिनं कधी दिलंच नाही.

बोटं थांबली. हात तसाच धरून ते वाट बघत राहिले.

मी मान हलवली.